पाणबुडीच्या रोजनिशीतलं खच्चरांचं पान

७ डिसेंबर २०२५, रविवार. भिंगार

दुरुस्ती. याच वहीत २१ सप्टेंबरला मी लिहिलं आहे की दुसऱ्या महायुद्धात पणजोबांचं जहाज जर्मन पाणबुडीनं भाद्रपद अमावास्येला बुडवलं. चूक. अमावास्येला बुडवलं असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नव्हता.

कसं कळलं ते लिहून ठेवते. शेजारच्या काकूंचा भाऊ बऱ्याच वर्षांपूर्वी घरातून निघून गेला तो परत आला नाही. त्याचं पितरांचं पान कधी वाढायचं हे विचारायला त्या आज नलूआत्याकडे आल्या. आत्या मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्येला घालायचं. आमच्या आजोबांचं तसंच आहे की."

मी कपडे वाळत घालत होते. म्हटलं, "म्हणजे? आबा अवसेला गेले ना?"

"कोणी सांगितलं? तारेत फक्त 'समुद्रात बेपत्ता' होतं. ना दिवस, ना जहाजाचं नाव. आजीनं मग अवस धरली."

लहानपणापासून "आबा अवसेचे" हेच ऐकलंय. अवसेला पान, म्हणून अवसेला मरण. एवढ्या भांडवलावर मी त्या वर्षीचं पंचांग काढलं, पाणबुडीच्या कप्तानाची रोजनिशी काढली, दोन्ही शेजारी ठेवून तारीख जुळवली. आणि जुळली म्हणून खूश झाले.

८ डिसें., सोम.

सकाळची ड्यूटी. दोन इंजेक्शनं देताना नाव तीन-तीनदा वाचलं. सिस्टर म्हणाल्या, बरं नाही का?

सप्टेंबरमध्ये मी गावात काय वाचलं ते परत पाहिलं. व्हिडिओ आहे भाऊकीच्या ग्रुपवर. मारुतीच्या देवळापुढे सतरंज्या, जेवणं झालेली, बापूकाकांनी माईक माझ्या हातात दिला. मी सांगतेय: अमावास्येच्या रात्री पाणबुडीनं जहाज बुडवलं. उजाडल्यावर ती वर आली. कप्तानानं एक होडी पाहिली. पिण्याच्या पाण्याच्या पिंपावरून होडीतले दोघे मारामारी करत होते. एक समुद्रात पडला. दुसऱ्यानं पिंप धरून ठेवलं. पाणबुडी निघून गेली.

मी कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. गावातले दोघेच त्या जहाजावर होते, आमचा सखाराम, म्हणजे आबा, आणि भिवा. आणि परत आला फक्त भिवा.

पुढे बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतं, "आमी म्हनतच हुतो." टाळ्या नाहीत. टाळ्यांपेक्षा वाईट काहीतरी, सगळे एकदम मान हलवतात.

११ डिसें., गुरु.

रोजनिशी पहिल्या पानापासून परत वाचायला घेतली. जर्मन मी नोकरीसाठी शिकले, तिकडे नर्सिंगला जायचंय म्हणून. दीड वर्ष क्लास. सर म्हणाले होते, आवडीचं काहीतरी वाचा, भाषा बसेल. आवडीचं म्हणून मी हे शोधलं.

बटाट्यांना कोंब. इंजिनखोलीत माणसं चक्कर येऊन पडतात. अंगावर गळवं, त्यावर जस्ताची पावडर. (चूक. धुऊन कोरडं ठेवायला हवं होतं. पण गोडं पाणी कुठलं.) स्वयंपाक्याचा वाढदिवस, डब्यातल्या चेरी घालून केक. हे सगळं मी पहिल्यांदाही वाचलं होतं आणि पुढे गेले होते, कारण मला अमावास्या हवी होती.

अमावास्येच्या सात आठवडे आधीचं एक पान. तेव्हा मी ते उलटलं होतं. दोन पाणतीर (टॉर्पेडो) लागले, मोठं वाहतुकीचं जहाज, वेळ न लागता बुडालं. विमान येईल या भीतीनं कप्तान होड्यांच्या जवळ गेला नाही. मग लिहितो: समुद्रात खच्चरं पोहत आहेत, पुष्कळ, पाणबुडीच्या मागे मागे येतात, खलाशांना बघवत नाही, म्हणून त्यांना आत पाठवलं आणि बुडी मारली.

पणजोबा खच्चरांच्या तुकडीत होते. भिवाही. पणजीच्या पेन्शनच्या कागदावर तुकडीचं नाव स्पष्ट आहे.

अमावास्येच्या जहाजात चहा आणि ताग होता. तसं लिहिलंय. मी वाचलं होतं.

माणसांबद्दल त्या पानावर एक ओळ नाही. खच्चरांबद्दल तीन.

१४ डिसें., रवि. गाव

सकाळच्या एसटीनं कोल्हारला उतरले, पुढे रिक्षा. घरी कुणाला सांगितलं नाही.

ग्रामपंचायतीपुढे युद्धावर गेलेल्यांचा दगड आहे. मी वाचल्यानंतर चौथ्या दिवशी पोरांनी भिवाचं नाव छिन्नीनं काढलं, हे फोनवर ऐकलं होतं. पाहिलं आज. नाव होतं तिथे सिमेंट भरून गुळगुळीत केलंय. कुणीतरी हळद-कुंकू नीट इतर नावांवर वाहिलंय, एवढी जागा सोडून.

गावच्या तोंडाशी नवी कमान उभी राहतेय. सळया वर निघाल्यात. बोर्ड: "हुतात्मा सखाराम प्रवेशद्वार".

भिवाच्या घरापुढून गेले. थांबले नाही. भ्याले.

१९ डिसें., शुक्र.

पाणबुडीचं सगळं आयुष्य एका पानावर मांडलं, म्हणजे पुन्हा तुकडा उचलून गोष्ट करायला नको.

उत्तरेच्या गोदीत बांधली. पहिल्या दोन फेऱ्या थंड समुद्रात, एकही जहाज नाही, एक खलाशी वादळात डेकवरून वाहून गेला. तिसऱ्या फेरीत दोन तेलाची जहाजं. चौथीत तिच्यावरच बॉम्ब पडले, कशीबशी बंदरात आली, कप्तान बदलला. पाचवी फेरी आफ्रिकेला वळसा घालून आपल्या समुद्रात. तीच ही. आधी खच्चरांचं जहाज, मग अमावास्येचं, मग पेनांगला जपान्यांच्या बंदरात. तिथून तिच्या रोजनिशीची नक्कल दुसऱ्या पाणबुडीबरोबर घरी गेली म्हणून ती आज मला वाचता येते. सहावी फेरी परतीची. विमानानं गाठलं. कोणी वाचलं नाही. त्या फेरीची रोजनिशी तिच्याबरोबरच खाली आहे.

केकवाला स्वयंपाकी तिच्याबरोबर बुडालेल्यांच्या यादीत आहे. बावीस वर्षांचा.

वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याची लाज वाटली. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहिलं.

२४ डिसें., बुध.

सैन्याच्या जुन्या कागदांच्या कचेरीला मेल केला होता त्याचं उत्तर आलं. पणजोबांच्या नंबरापुढे जहाजाचं नाव आणि बुडाल्याची तारीख. खच्चरांचं जहाज. आता शंका उरली नाही. भिवाच्या नंबरापुढे: वाचला, पाचव्या दिवशी होडीतून उचलला.

म्हणजे भिवा बोलला ते जुळतं. तो पणजीला येऊन म्हणाला होता, "चार दिस होडीत हुतो. सखाराम तिसऱ्या दिशी गेला." पणजीनं विचारलं, "मग तू कसा ऱ्हायलास?" भिवा काहीच बोलला नाही. तेवढ्यावरून दोन घरांचं पाणी बंद झालं; जहाज कुठलं, दिवस कुठला हे विचारणंही राहिलं. आजतागायत आमच्यातलं कोणी त्यांच्याकडे घोटभर पाणी पीत नाही, ते आमच्याकडे. पण पाणी बंद हे दोन घरांतलं होतं. दगडावरचं नाव माझ्यामुळे गेलं.

२६ डिसें., शुक्र.

आणखी एक. हे लिहायला दोन दिवस टाळलं.

व्हिडिओत मी म्हणते, "होडीतले दोन सावळे शिपाई मारामारी करत होते." रोजनिशीत आहे: होडीतले दोघे. सावळे नाही. शिपाई नाही. ते शब्द माझे. तिकडच्या कागदात नाहीत.

का घातले? आठवायचा प्रयत्न केला. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. वाचताना मला ते तसे दिसत होते. दिसत होते म्हणून लिहिले.

तारखेची चूक कुणाचीही होईल. ही माझी आहे.

२८ डिसें., रवि.

बापूकाका भिंगारला घरी आले होते, धाकट्या भावाला, माझ्या अण्णांना, कमानीचा फोटो दाखवायला. दोन वेळा सरपंच होते, अजून तसेच बसतात. मी सगळं सांगितलं, कागद दाखवले. अण्णा चष्मा पुसत राहिले. काका ऐकून घेऊन हसले.

"आशे, कमानीचं सेंट्रिंग लागलंय. आन तू आता म्हंतीस, पान चुकलं?"

"पान चुकलंच, काका. आणि भिवाबाबांचं नाव—"

"बाबा? कवापास्नं बाबा झाला त्यो?"

"त्यांच्याविरुद्ध काही नाहीये कागदात."

"बाजूनं हाय का काही?"

नाही म्हटलं. खरंच नाही.

"मग झालं तर. आगं, भिवा जल्मभर गप ऱ्हायला. खरा मानूस गप ऱ्हातो व्हय?" मग उठताना: "तुला जायाचंय जर्मनला. तुझा पणजा त्येंनीच बुडीवला. तितं त्येंच्या म्हाताऱ्यांची ढुंगनं धुनार, आन हितं भिवाच्या घरची वकिली! वा."

अण्णा म्हणाले, "दादा, चहा घेऊन जा." एवढंच म्हणाले.

३ जाने. २०२६, शनि.

आत्याशी भांडण. आयुष्यातलं पहिलं असावं.

मला चौथीपर्यंत तिनंच शिकवलं, घरी, माझ्या आजारपणामुळे. माझा पेपर मलाच तपासायला लावायची. चुकलं असेल तिथे फुली मीच मारायची, आणि लपवलेली फुली तिला बरोबर सापडायची. म्हणून वाटलं, ती तरी माझ्या बाजूनं असेल.

म्हणाली, "तारखेचं सांग. तिथीचा गोंधळ झाला म्हण. माझ्यावर घाल हवं तर, मीच तुला अवस सांगितली म्हण. पण ते शब्द घातल्याचं कशाला? ते कोणाला कळणार आहे? गावात जर्मन कोणाला येतं?"

म्हटलं, "म्हणूनच."

"लोक म्हणतील पहिलंही हिनंच रचलं, आता हेही रचतेय. तुझं खरंही कोणी धरणार नाही."

हे तिचं बरोबर असू शकतं. ती देव्हाऱ्यापुढची रांगोळी पुसून परत काढत बसली.

४ जाने., रवि. गाव

गेले. दारात भिवाची नातसून मंगल. तिनं ओळखलं, बाजूला झाली नाही. "काय राह्यलंय आजून?" म्हणाली.

आतून आवाज: "कोन हाय गं?"

"आली हाय ती. माईकवाली."

"येऊ दे."

शांताआजी, भिवाची मुलगी. तो परतल्यावर झालेली, ऐंशीला आलेली, आता माहेरीच राहणारी. खाटेवर उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की धाप लागते म्हणाली. पाय सुजलेले, दाबला तर बोटाचा खळगा तसाच राहतो. हृदयाचं असणार. म्हटलं नगरला चला, मी दाखवते डॉक्टरांना. म्हणाली, "तू डाक्टरीन म्हनून आलीस का?"

नाही म्हटलं. मंगलकडे पाणी मागितलं. ती आजीकडे बघायला लागली.

"पानी देऊ नगं तिला," आजी म्हणाली. "आदी बोलू दे. पानी मागनं सोपं हाय."

सांगितलं. अवस, दोन जहाजं, खच्चरं, कचेरीचं पत्र. आणि सावळे शिपाई. शेवटचं सांगताना तिच्या तोंडाकडे बघवलं नाही, पायांकडे बघत होते.

आजीनं पातळ पायांवर ओढलं. मग, "खच्चरं पवत हुती?"

"हो."

"माजा बा झोपंत 'हुर्र हुर्र' करायचा. आमाला वाटायचं, बैल हाकतोय."

मंगलनं पदर तोंडाला लावला. आजी नाही रडली.

"आन तुज्या कागदात माजा बा न्हाईच?"

"नाही. होडीजवळ ते गेलेच नाहीत. कुणी काय केलं ते कुणी पाहिलं नाही."

"म्हंजी पानी त्येनं घेतलं का न्हाई, ते बी न्हाई."

"नाही."

"मी बी इचारलं हुतं त्येला. लगीन ठरलं तवा. म्हनलं, सासरी कुनी म्हनलं तर काय सांगू? मला बी न्हाई सांगितलं त्येनं." श्वास घ्यायला थांबली. "म्हंजी मला बी ठावं न्हाई."

मी म्हटलं, आजी, माझं चुकलं, मला माफ करा. तिनं हात झटकला, माशी हाकलावी तसा.

"मला येकटीला सांगून काय करतीस? मला का ठावं नव्हतं, तू खोटं वाचलंस ते? ज्येंच्या म्होरं वाचलंस त्येंच्या म्होरं वाच. आन माजा बा लई चांगला हुता, देवमानूस हुता, आसलं काय लावू नगं. कागदात न्हाई ना? मग न्हाई म्हनून सांग."

निघताना मंगल दारापर्यंत आली. म्हणाली, "दगड पुसला तवापास्नं आजी उंबऱ्याभाईर आली न्हाई."

पाणी न पिताच आले. कोल्हारला स्टँडवर बाटली घेतली, उघडली नाही.

९ जाने., शुक्र.

जर्मनीतल्या हॉस्पिटलचा मेल. व्हिसा झाला. १६ फेब्रुवारीला हजर व्हायचं.

काही न बोलता निघून गेले तरी कोणी अडवणार नाही, असा विचार आज बसमध्ये आला. पूर्ण आला, अर्धवट नाही. तारखांसकट. लिहून ठेवते.

१४ जाने., बुध. संक्रांत

अण्णांनी तिळगूळ हातावर ठेवताना म्हटलं, "दादा म्हणतो, तू बोललीस तर तो या घरात पाय ठेवणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काय." मग डबा बंद करत: "मी तेव्हा व्हिडिओ काढत होतो. हात हलला नव्हता माझा."

एवढंच. काय समजायचं ते.

१६ जाने., शुक्र.

मंगलचा फोन, तिचा पहिलाच. आजी दोन दिवस धड जेवली नाही, पाण्यानं भरलेले पाय आता गुडघ्यापर्यंत. मी गोळ्यांची नावं विचारली, एक संपलेली निघाली, ती लगेच आणायला सांगितली, डॉक्टरांना फोन लावून दिला. आजी हॉस्पिटलला नाहीच म्हणते. मागून तिचा आवाज आला: "तिला इचार, कवा वाचनार हाय म्हनावं."

रविवारी गावात येऊन तारीख सांगते म्हटलं.

१८ जाने., रवि. गाव

ग्रामपंचायतीत गेले. सुट्टीचं कोणी नसेल वाटलं होतं, पण झेंडावंदनाच्या तयारीमुळे ग्रामसेवक भाऊसाहेब होते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेची नोटीस भिंतीवर. म्हटलं मला विषय द्यायचाय: दगडावरचं नाव परत कोरणे, आणि सप्टेंबरमधल्या माझ्या वाचनाची दुरुस्ती.

"ताई, विषयपत्रिका निघाली. आणि तुमचं नाव इथल्या यादीत कुठंय? तुम्ही भिंगारला."

"मग?"

त्यांनी खिडकीतून कमानीकडे पाहिलं. आता तिला रंग लागलाय. त्याच दिवशी उद्घाटन. "ऐनवेळचे विषय म्हणून शेवटी असतं एक. अध्यक्षांनी परवानगी दिली तर. अध्यक्ष परवानगी देतील असं मी म्हणत नाही. माईक बापूसाहेबांकडे असतो." अर्ज घेतला मात्र. पोच मागितली, शिक्का मारून दिली.

बाहेर दोन पोरं मोटरसायकलवर. एक म्हणाला, "आता काय वाचनार हायेस, ताई? पार्ट टू?" दुसरा हसला. त्यातलाच एकजण छिन्नीवाला असेल. विचारलं नाही.

भिवाच्या घरी जाऊन आले. आजी झोपली होती, उशांना टेकून, तोंड उघडं. श्वास मोजले. बरे नाहीत. मंगलला तारीख सांगितली. ती म्हणाली, "खाटंवर घालून आनू. तिनंच सांगितलंय. तवर ऱ्हायली म्हंजी."

१९ जाने., सोम.

वाचायचा कागद तयार झाला. आठव्यांदा लिहिला. मोठा होत होता, प्रत्येक वेळी त्यात मी जास्त येत होते. आता एवढाच:

"सप्टेंबरमध्ये मी इथे वाचलेलं खोटं होतं. ते पान दुसऱ्या जहाजाचं होतं, आणि त्यातले 'सावळे शिपाई' हे शब्द मी माझ्या मनानं घातले होते. आपल्या गावच्या दोघांच्या जहाजाच्या पानावर खच्चरांबद्दल लिहिलं आहे, माणसांबद्दल काहीही नाही. होडीत काय झालं ते मला माहीत नाही, आणि इथे बसलेल्या कुणालाही माहीत नाही."

आत्याला दाखवला. तिनं पेन्सिल घेतली, वाचला, पेन्सिल खाली ठेवली. "येणार नाही मी," म्हणाली. मग कागद घडी घालून माझ्या पर्समध्ये तिनंच ठेवला.

माईक मिळाला नाही तर न घेता वाचायचा. आवाज बारीक आहे माझा. पुढच्या रांगेपर्यंत पोचला तरी पुरे.

मंगलला मेसेज केला. तिनं विचारलं, नक्की ना?

नक्की. सोमवार, २६ जानेवारी. झेंडावंदनानंतर.